दोन साडू आणि एक बंदर

कॅरिबियन क्रूझवर नातेवाइकांत वाद व्हायचाच असेल, तर तो बंदराच्या दिवशी होतो. समुद्रात असताना वादाला कारण नसतं. खायला आहे, झोपायला आहे, रात्री नाचगाणं आहे, आणि रागावून निघून जायला जागा नाही. बंदर आलं की मात्र ठरवावं लागतं: उतरायचं की नाही, उतरलो तर कुठवर जायचं, कंपनीची सहल घ्यायची की आपण आपलं चालायचं. आमच्या घरचा वाद बार्बाडोसच्या ब्रिजटाउन बंदरात झाला. वाद घालणारे दोघे साडू. दोघांचंही थोडं थोडं बरोबर होतं, असं मी दोघांना वेगवेगळं गाठून सांगितलं आहे.

भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान, सुधीरराव. मुंबई पोर्ट ट्रस्टमध्ये सगळी नोकरी झाली. मोहन म्हणजे माझा नवरा. न्यू जर्सीत राहून लोकांचे हिशेब तपासतो. क्रूझची कल्पना त्याची, तिकिटं त्यानं काढलेली, त्यामुळे क्रूझवरची टीका त्याला स्वतःवरची वाटते. आणि भाऊजी सान हुआन सोडल्यापासून टीकाच करत होते.

त्या दिवशी ते उजाडायच्या आतच कठड्याशी जाऊन उभे होते. पायलट चढताना, टग जवळ येताना, धक्क्यावरची माणसं दोर ओढून खुंट्याला अडकवताना त्यांनी डोळे भरून पाहिलं. मग न्याहारीला आले आणि कप खाली ठेवत म्हणाले, “झालं माझं बंदर पाहून. मी उतरणार नाही.”

“का हो? तब्येत?” मोहननं विचारलं.

“तब्येत उत्तम आहे. मोहनराव, बॅलार्ड पिअरला अशी किती जहाजं लागताना पाहिली मी. ग्रीन गेटमधून बसगाड्या सुटायच्या. गेटवे, मणिभवन, महालक्ष्मीचा धोबीघाट, खिडकीतून मरीन ड्राइव्ह, आणि पाचच्या आत परत धक्क्यावर. ते लोक घरी जाऊन ‘आम्ही मुंबई पाहिली’ म्हणून सांगत असणार. मला हसू यायचं त्यांचं. आता मी तेच करू?”

“तुम्ही धोबीघाट कितीदा पाहिलात?”

भाऊजी काही बोलले नाहीत. ताई म्हणाली, “एकदाही नाही. मणिभवनात पण नाही गेलेले. मी गेले होते, शाळेच्या सहलीबरोबर.”

“मग त्या लोकांनी मुंबईत एक दिवसात तुमच्यापेक्षा दोन गोष्टी जास्त पाहिल्या,” मोहन म्हणाला. हिशेबनिसाचा मुद्दा होता, पण बिनतोड होता.

भाऊजींनी मोर्चा दुसरीकडून आणला. “हे जहाज इथे आलंच कशाला, ते सांगतो. तुम्हाला बेट दाखवायला? बेट हे जाहिरातीतलं चित्र. धंदा जहाजावर होतो. काल रात्री कसिनो चालू होता, आज कुलूप. दुकानांनाही कुलूप. बंदरात असताना जकातीच्या आणि तिथल्या कायद्यांपायी ते बंद ठेवावं लागतं. म्हणजे इथे उभं राहण्याचा एकेक तास कंपनीला महाग. वर पायलटचे पैसे, टगचे पैसे, धक्क्याचं भाडं, माणशी कर. तरी थांबतात, कारण नुसतं पाणी दाखवायचं तिकीट खपत नाही. आणि फ्लोरिडातून सुटणाऱ्या जहाजांच्या मानेवर तर 1886 चा अमेरिकन कायदा बसलाय. निशाण बहामाचं नाहीतर पनामाचं. अशा जहाजानं अमेरिकेत उतारू घेऊन अमेरिकेतच परत आणून सोडायचे, तर वाटेत एखाद्या परदेशी बंदराला लागावंच लागतं. म्हणजे बंदर ही कायद्याची आणि जाहिरातीची गरज. तुमची आमची नव्हे.”

“उतारूंना बंदर हवं असतं म्हणूनच ती जाहिरातीची गरज होते ना? गिऱ्हाईक मागतं म्हणून दुकानदार माल ठेवतो. त्यात बिघडलं काय?”

“वेळा बघा म्हणजे कळेल. आठला लागलं, पाचला सुटणार. आठला का? न्याहारी जहाजावर उरकते. पाचला का? रात्रीचं जेवण जहाजावर होतं. दुपारचं जेवणही तिकिटात धरलेलं, म्हणून निम्मे लोक बाराला परत येतात. झोपायला जहाज. बेटाच्या वाट्याला काय आलं? ऊन.”

दिवसभरात भाऊजी जे जे बोलले त्यात मला हे सगळ्यांत पटलं. विमानानं येऊन आठवडाभर राहणारा पाहुणा खोलीचं भाडं देतो, तीन वेळा जेवतो, संध्याकाळी कुठेतरी जाऊन बसतो, कपडे धुवायला टाकतो. जहाजाचा उतारू आपलं हॉटेल पाठीवर घेऊन येतो आणि जाताना घेऊन जातो. गर्दी मात्र दोघांचीही सारखीच होते, उलट जहाजवाल्यांची एकाच वेळी होते.

पण मोहनजवळ एक पत्ता शिल्लक होता. बशीतला पपईचा तुकडा उचलत तो सहज म्हणाला, “केन्सिंग्टन ओव्हल इथून चालत वीस मिनिटांवर आहे.”

भाऊजी टोपी आणायला गेले.

*

ब्रिजटाउनचं खोल पाण्याचं बंदर 1961 साली सुरू झालं. त्याआधी मोठी जहाजं कार्लाइल बेमध्ये नांगर टाकून उभी राहायची आणि मालाची ने-आण पडावांतून व्हायची. हे बंदर बांधताना किनाऱ्याजवळचं पेलिकन नावाचं चिमुकलं बेट भराव घालून जमिनीला जोडून टाकलं. शेजारच्या हस्तकलेच्या दुकानांच्या वसाहतीला अजून तेच नाव आहे. भाऊजींना ही माहिती फार आवडली, कारण सात बेटं जोडून शहर करण्याचा धंदा आपल्याकडे त्याआधीच झालेला. इथला आणखी एक विशेष म्हणजे क्रूझची जहाजं आणि मालवाहू जहाजं एकाच बंदरात लागतात. एकीकडे चड्ड्या-टोप्यांतले उतारू, पलीकडे कंटेनर आणि साखरेची गोदामं. भाऊजी कंटेनरच्या बाजूलाच बघत चालले होते.

टर्मिनलच्या आत हिऱ्यांची, घड्याळांची, रमची दुकानं. बाहेर टॅक्सीवाले. “बघा,” भाऊजी म्हणाले, “हिरे. या बेटावर हिऱ्याची खाण आहे का?”

“मुंबईत तरी कुठे आहे?” मोहन म्हणाला.

टर्मिनलच्या बाहेर भिंतीला टेकून जहाजावरचीच पंधरा-वीस मुलं फोनमध्ये डोकं घालून बसली होती. गणवेश काढून साध्या कपड्यांत आल्यामुळे ओळखू येत नव्हती. त्यात एक वेंगुर्ल्याचा निघाला. ताईच्या तोंडचं मराठी ऐकून त्यानंच मान वर केली. गोव्याची आणि आपल्या कोकणातली माणसं या जहाजांवर स्वयंपाकघरापासून इंजिनापर्यंत सगळीकडे असतात. गोव्यात तर बोटीवर जाणं ही पिढ्यानुपिढ्यांची वाट. हा मुलगा जेवणघरात वाढप करायचा. सीझनभर हेच जहाज, हाच फेरा, त्यामुळे बार्बाडोस पुन्हा पुन्हा लागायचं.

“उतरायला मिळतं?” भाऊजींनी विचारलं.

“मिळतं काका, पण दर वेळी नाही. जहाज बंदरात असलं तरी आग लागली, काही झालं, तर सांभाळायला ठरावीक माणसं वर राहावीच लागतात. त्याच्या पाळ्या असतात. कधी कधी नेमकी लाइफबोटीची ड्रिल असते. आज मला दुपारची पंगत लागायच्या आत जायचंय. दोन-अडीच तास आहेत.”

“दोन-अडीच तासांत काय करता?”

“घरी फोन. इथे नेट मिळतं, जहाजावर ते विकत घ्यावं लागतं. मग सुपरमार्केटातून साबण, पेस्ट, मॅगी मिळाली तर मॅगी. आणि एक रोटीचं दुकान आहे स्वान स्ट्रीटच्या बाजूला, तिथे जेवतो. तुम्ही पण जा. वरच्या माणसांना कुणी सांगत नाही ते.”

तो निघून गेल्यावर भाऊजी म्हणाले, “त्या जहाजावर हे बेट कुणाला माहीत असेल तर याला.”

“दोन-दोन तास उतरून माहीत झालं त्याला,” मोहन म्हणाला. “म्हणजे तासांनी काही होत नाही, हा तुमचा मुद्दा गेला.”

“पुन्हा पुन्हा येऊन माहीत झालं. तुम्ही एकदाच येणार.”

“मग एकदा तरी उतरा की.”

मी हा संवाद असाच दिला आहे, कारण दोघांपैकी कुणी हरलं असं मला वाटत नाही. मला मात्र त्या मुलाच्या बोलण्यातली दुसरी एक गोष्ट लागली. आम्ही उतारू बसमधून गुहा बघायला जातो, कासवांबरोबर पोहायला जातो, आणि त्याचे पैसे आधीच जहाजावर भरलेले असतात. त्यातला बराचसा वाटा कंपनीकडेच राहतो. हा मुलगा साबण आणि रोटी गावात विकत घेतो. गावच्या दुकानदाराच्या दृष्टीनं माणशी हिशेब केला तर आमच्यातले कितीतरी जण त्याच्या खाली निघतील.

*

केन्सिंग्टन ओव्हल समोर आलं तेव्हा दोघांचं भांडण थांबलं. सामना नव्हता, फाटकं बंद होती. बाहेर सर गारफिल्ड सोबर्सचा पुतळा आहे, बॅट फिरवताना. भाऊजींनी टोपी काढली.

या मैदानाशी आपल्या लोकांचं नातं नुसत्या धावांचं नाही. 1962 च्या मार्चमध्ये भारताचा संघ इथे बार्बाडोसविरुद्ध खेळत होता. चार्ली ग्रिफिथचा चेंडू कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्याला लागला. कवटीला इजा झाली, तातडीनं शस्त्रक्रिया करावी लागली, रक्त हवं होतं. ज्यांनी रक्त दिलं त्यांत वेस्ट इंडीजचा कर्णधार फ्रँक वॉरेल होता. आपल्याकडचे चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी, पॉली उम्रीगर होते. म्हणजे पुणे, नाशिक, सोलापूर आणि ब्रिजटाउन. कॉन्ट्रॅक्टर वाचले, पण पुन्हा कसोटी खेळले नाहीत, आणि एकवीस वर्षांच्या पतौडीकडे संघ आला. कोलकात्यात वॉरेलच्या नावानं रक्तदानाचा दिवस अजून पाळतात.

“आणि 71 साल,” भाऊजी म्हणाले. “सरदेसाईंचे 150 इथे. मडगावचा माणूस. गावसकर दुसऱ्या डावात नाबाद 117. आमच्या चाळीत एकच ट्रान्झिस्टर, आणि आवाज असा, समुद्राच्या लाटेसारखा, यायचा नि जायचा.”

“आणि 97,” मोहन म्हणाला. “120 करायच्या होत्या. 81 त सगळे बाद. सचिन कर्णधार.”

“ते कशाला काढता आज?”

“मग 2024 काढतो. 29 जून, टी-20 विश्वचषकाची फायनल. सात धावांनी जिंकलो. सूर्यकुमारचा तो झेल, सीमारेषेवरचा, तो इथलाच.”

“आणि त्यानंतर?” भाऊजींचे डोळे चमकले. “बेरिल चक्रीवादळ आलं, विमानतळ बंद झाला, संघ इथेच अडकून पडला. सक्तीनं राहिले म्हणून राहिले. बार्बाडोस खरं कुणी पाहिलं असेल तर रोहित शर्मानं.”

शहराकडे चालताना मोहननं एका टपरीवर नारळपाणी घेतलं आणि अमेरिकन डॉलर दिले. इथे ते चालतात. दोन बार्बाडोस डॉलरला एक अमेरिकन, हा दर 1975 पासून बांधलेला आहे. सुटे मात्र इथल्या पैशांत मिळतात. परत आलेल्या पाच डॉलरच्या नोटेवर वॉरेलचा चेहरा होता. क्रिकेटपटूला नोटेवर बसवणारा देश. भाऊजींनी ती नोट मोहनकडून विकत घेतली, अगदी दर लावून.

वॉरेल, वीक्स आणि वॉलकॉट हे तिघं या मैदानापासून हाकेच्या अंतरावर, दीड वर्षाच्या आत एकापाठोपाठ जन्मले. सोबर्सही ब्रिजटाउनचाच, जरा पलीकडच्या बेलँडचा. अवघ्या 430 चौरस किलोमीटरच्या आणि पावणेतीन लाखांच्या आसपास वस्तीच्या या बेटानं जेवढं क्रिकेट दिलं, तेवढं कुठल्याच गावानं दिलं नसेल. आमच्या जहाजावर हे सांगणारं एकही पत्रक नव्हतं. गुहेचं होतं, रमचं होतं, कासवांचं होतं.

*

हिरोज स्क्वेअरमध्ये बाकावर बसलो तेव्हा पुन्हा जुंपली. या चौकाचं नाव 1999 पर्यंत ट्रॅफल्गार स्क्वेअर होतं. नेल्सनचा पुतळा इथे 1813 साली बसला, म्हणजे लंडनच्या सुप्रसिद्ध खांबाच्याही आधी. नोव्हेंबर 2020 मध्ये तो उतरवला, आणि पुढच्याच वर्षी, 30 नोव्हेंबर 2021 ला, स्वातंत्र्याच्या 55 व्या वर्धापनदिनी बार्बाडोसनं इंग्लंडच्या राणीला राष्ट्रप्रमुखपदावरून दूर करून प्रजासत्ताक जाहीर केलं.

“आता सांगा,” मोहन म्हणाला, “ज्यांनी राणीला निरोप दिला, त्यांना जहाज कंपनीला निरोप देता येणार नाही? नको असेल तर सांगतील. नको नाहीये त्यांना. बंदर त्यांनी स्वतः बांधलंय, वाढवलंय.”

“निरोप देता येतो, पण रात्रीच्या जेवणाला काय असेल याचा विचार आधी करावा लागतो. इंग्रज 1627 ला आले. 1640 च्या दशकात ऊस आला. मग आफ्रिकेतून गुलाम आणले, आणि 1661 ला त्यांना माणूस न मानणारा कायदा केला. तो कायदा पुढे दुसऱ्या इंग्रज वसाहतींनी नमुना म्हणून घेतला. साखर इथे पिकायची, पैसा ब्रिस्टल-लंडनमध्ये साठायचा. 1834 ला गुलामगिरी गेली, तेव्हा सगळ्या वसाहतींचे मिळून दोन कोटी पौंड भरपाई दिली. कुणाला? मालकांना. आता साखर मरायला टेकली, तर जहाज आलंय. जहाज बाहेरचं, माल बाहेरचा, हिशेब मायामीत. मी गोदीतला माणूस, मला चाल ओळखू येते.”

“एक फरक विसरलात, सुधीरराव. तेव्हा माणसं बांधून आणली होती. आज तो टॅक्सीवाला त्याच्या गाडीचा मालक आहे, आणि तुम्हाला ‘नाही’ म्हणू शकतो. मघाशी एकानं आपल्याला म्हटलं पण. साखरेच्या मळ्याची आणि क्रूझची तुलना करताना जरा हात आखडता घ्या. ज्यांनी ते सोसलं त्यांचं दुःख आपल्या वादाच्या सोयीसाठी नको.”

भाऊजी बराच वेळ चौकाजवळच्या पुलाकडे बघत बसले. “हे बरोबर आहे,” म्हणाले. मग सवयीनं जोडलं, “पण हिशेब मायामीतच होतो.”

इथे मी मोहनच्या बाजूनं आहे. ग्रीन गेटबाहेर जहाज लागायच्या दिवशी टॅक्सीवाले पहाटेपासून रांग लावायचे, हे भाऊजींनीच आम्हाला कितीदा सांगितलं आहे. ते लोक काही फसलेले नव्हते. त्यांना त्या एका दिवसाची किंमत नीट माहीत होती.

भूक लागली होती. वेंगुर्ल्याच्या मुलानं सांगितलेलं दुकान सापडलं. रोटी म्हणजे इथे मोठी पोळी, तिच्यात बटाटा-चण्याची नाहीतर कोंबडीची भाजी घालून घडी घातलेली. ती त्रिनिदादकडून आली. तिथे 1845 पासून आपले गिरमिटिये नेले होते. बार्बाडोसला गिरमिटिये आले नाहीत. इथले भारतीय विसाव्या शतकात, स्वतःच्या पायांनी, कापडाच्या गाठोड्यासह आले: आधी बंगालकडचे काही, मग सुरतेकडचे गुजराती मुसलमान. दारोदार जाऊन उधारीवर कापड विकायचं, आठवड्याला थोडे थोडे पैसे घ्यायचे. त्यातून स्वान स्ट्रीटवर दुकानं उभी राहिली. भाऊजींनी एका दुकानात शिरून मुंबईच्या गुजरातीत भाव विचारला. दुकानदारानं तितक्याच सहज गुजरातीत सांगितला. ताईनं दोन परकर विकत घेतले. बार्बाडोसला येऊन परकर! पण भाऊजी त्या दुकानातून बाहेर पडायला तयार होईनात, आणि घड्याळात अडीच वाजले होते.

मोहननं मक्याच्या पिठात भेंडी घोटून केलेलं कूकू आणि त्यावर उडत्या माशाचा रस्सा खाल्ला. हे इथलं राष्ट्रीय पक्वान्न. भेंडीचा बुळबुळीतपणा तसाच ठेवतात. त्यानं बशी संपवली, पण चेहऱ्यावरून मला कळलं की हे मतासाठी खाल्लं आहे.

*

परतीच्या वाटेवर भाऊजींनी शेवटचा मुद्दा काढला, आणि तो सगळ्यांत महत्त्वाचा होता असं मला वाटतं. “मोहनराव, तुम्ही म्हणता बेटाला नको असेल तर नाही म्हणेल. एकटं बेट नाही म्हणालं तर जहाज शेजारच्या बेटाला जातं. कंपनीला समुद्रच समुद्र आहे, बेटाला एकच बंदर. मेक्सिकोएवढ्या देशानं प्रत्येक क्रूझ उतारूवर 42 डॉलर कर लावायचं ठरवलं होतं. कंपन्यांनी आरडाओरडा केला. 2025 च्या जुलैत सुरुवात झाली ती 5 डॉलरनं. पुढे टप्प्याटप्प्यानं वाढवू म्हणतात. मेक्सिकोची ही गत, तर सेंट लुशियानं काय करायचं? यांनी सगळ्यांनी मिळून एक दर ठरवला पाहिजे. गोदी कामगारांची युनियन असते, तशी बंदरांची.”

“हे मला मान्य,” मोहन म्हणाला. आम्ही दोघी बहिणी थांबून बघायला लागलो. “आणि त्यापुढचं सांगतो. कंपन्यांना आता बंदरही नकोच आहे. बहामात डिस्नेनं 1998 पासून स्वतःचं बेट चालवलंय. रॉयल कॅरिबियननं कोकोकेवर घसरगुंड्या बांधल्या, कार्निव्हलनं ग्रँड बहामावर 2025 मध्ये नवा किनारा उघडला. तिथे उतरलं की दुकान कंपनीचं, बार कंपनीचा, छत्रीही कंपनीची. तुमचं म्हणणं खरं आहे, बंदराचा दिवस त्यांना महाग पडतो. म्हणून ते त्यातलं बंदरच काढून टाकताहेत. उद्या तुम्ही म्हणाल, उतरायचंच नाही. आणि कंपनी म्हणेल, आम्हीही तेच म्हणतो.”

भाऊजी एकदम थबकले. आपण सकाळपासून जे म्हणत होतो ते कंपनीलाही सोयीचं आहे, हे त्यांना पटायला जड गेलं असावं. “म्हणजे निषेध म्हणून तरी उतरायला हवं,” ते म्हणाले.

“निषेध म्हणून नको. भूक लागली म्हणून उतरा.”

साडेचारला सगळ्यांनी जहाजावर असलं पाहिजे होतं. कंपनीच्या सहलीची बस अडकली तर जहाज थांबतं. आपले आपण गेलेल्यांसाठी थांबत नाही. दोन माणसं धक्क्यावरून धावत आली आणि वरच्या डेकवरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. भाऊजींनी टाळी वाजवली नाही. बंदरात धावणारा माणूस त्यांना अजून आपल्या खात्यातली चूक वाटतो.

या वादात माझं मत विचाराल, तर ज्यांना जमेल त्यांनी विमानानं यावं आणि एकाच बेटावर आठवडा काढावा. बेटालाही ते बरं आणि आपल्यालाही. ज्यांना गुडघे, वय, सुटी नाहीतर खिसा यांमुळे क्रूझच सोयीची, त्यांनी मनाला लावून घेऊ नये. मात्र तिकीट काढताना जहाजावर किती रेस्टॉरंट आहेत ते मोजण्याआधी मुक्कामांची यादी वाचा. त्यात कंपनीची खाजगी बेटं किती आणि लोक राहतात ती बंदरं किती, ते पाहा. रात्री उशिरापर्यंत थांबणारं जहाज मिळालं तर तेच घ्या. आणि ब्रिजटाउनला लागलात तर टर्मिनलच्या बाहेर पडून उजवीकडे-डावीकडे टॅक्सीचा भाव न विचारता सरळ शहराच्या दिशेनं चालू लागा, वीस-पंचवीस मिनिटांचा सपाट रस्ता आहे, आणि दुपारचं जेवण गावात करा. जहाजावरच्या त्या जेवणाचे पैसे तुम्ही भरलेले असतील, ते बुडाले तरी चालतील.